झमकूबाईचा गहू आणि आमचा तांबेरा

बुधवार, ११ फेब्रुवारी. परभणी स्टेशनाबाहेर, सकाळी सव्वासात.

हजर: मी, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेची व्यवस्थापक, वय त्रेपन्न. मृणाल, आमच्याकडे गव्हाच्या तांबेऱ्यावर पीएच.डी. करणारी, वय सत्तावीस, सतत भुकेली. कदीरभाई, हिंगोलीचे, गाडी त्यांची. आणि तोडलेली पानं जागच्या जागी गोठवायला द्रवरूप नायट्रोजनचं एक भांडं. ते परभणीतल्या ओळखीच्यांकडून भरून घेतलं होतं. त्याच्या तोंडातून सारखी थंड वाफ निघत होती. त्याला सीटबेल्ट मी स्वतः लावला आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवायला सांगितल्या.

"म्याडम, ये हांडी फुटेंगी तो नै ना?" कदीरभाईंनी विचारलं.

"फुटणार नाही. पण हात घालू नका."

"हात कौन डालेंगा? मैं तो मुडके बी नै देखता."

कामाची यादी अशी होती. जवळा बाजारला तांबेरा पडलेला गहू पाहणे. वसमतमार्गे वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावर जाऊन झमकूबाई राठोड यांचा तांबेरा न पडणारा गहू पाहणे. जमल्यास बी मागणे. आणि दोन कामांच्या मध्ये, लाल शाईत: चपला बदलणे, हातमोजे बदलणे, साडीवरून ओलं फडकं फिरवणे.

ज्यांनी तांबेरा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ती एक बुरशी आहे. गव्हाच्या पानावर नारिंगी पुटकुळ्या येतात, त्या फुटून गंजासारखी भुकटी उडते. ती वाऱ्यावर जाते, तशी कपड्यांवरूनही जाते. म्हणून निरोगी शेत आधी आणि रोगट नंतर हा आमचा नियम. तो मी पहिल्याच दिवशी मोडला, कारण जवळा बाजारच्या वाठोरे गुरुजींनी फोनवर सांगितलं होतं, "सकाळीच या. सत्काराला माणसं सकाळीच मिळतात."

जवळा बाजार

वाठोरे गुरुजी निवृत्त शिक्षक. "जय भीम, या, या," म्हणत त्यांनी आम्हाला आधी सुशीला खायला बसवलं. पुण्याच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा हा फोडणीचा पदार्थ आहे, पोह्यांपेक्षा हलका आणि पोह्यांपेक्षा जास्त खाल्ला जाणारा. मृणालने तीन बश्या खाल्ल्या.

सत्कार घरी होईल असं मला वाटलं होतं. गुरुजींना तो शेतातच करायचा होता, तोही तांबेरा पडलेल्या गव्हात उभं राहून.

"फोटोत गहू दिसला पाहिजे," ते म्हणाले. "पुण्याच्या मॅडम, खांद्यावर शाल आणि मागं तांबेरा. हा फोटो ग्रुपवर टाकला की आमच्याकडं बघायला कुणीतरी येईल. नुसत्या गव्हाचे फोटो टाकून मी थकलो."

मला हे पटलं. मी गव्हात उभी राहिले. पांढरीशुभ्र शाल अंगावर आली. पहिला फोटो हलला, दुसऱ्यात गुरुजींचे डोळे मिटले, तिसऱ्यासाठी आणखी आत जायला सांगितलं. शालीचं टोक पानांवरून चांगलं घासत गेलं. मग बाहेर येऊन मी यादीप्रमाणे चपला बदलल्या, हातमोजे बदलले, साडी पुसली. शाल घडी करून पिशवीत ठेवली. यादीत शाल नव्हती.

वसमत

फेब्रुवारीत वसमतला उभं राहून माणसाला पांढरे कपडे घालता येत नाहीत. हळद काढून, शिजवून, वाळवून बाजारात आलेली असते. रस्ता पिवळा, हमालांच्या भुवया पिवळ्या, चहाच्या कपाची बशीही जरा पिवळी. आम्ही तिथे पिठलं-भाकरी खाल्ली. हात पुसायला मी पिशवीतून रुमाल काढला तर त्यावर नारिंगी-पिवळी भुकटी. शालीच्या टोकालाही होती.

"हळद," मी म्हणाले.

मृणालने भाकरीवरून मान वर न करता "हं" केलं.

गेली एकवीस वर्षं मी तांबेऱ्याचे नमुने डबीत भरते, डबीवर चिठ्ठी लावते आणि डब्या कपाटात ठेवते. हे वाक्य इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढचा मजकूर वाचताना उपयोगी पडेल.

तांडा

वारंगा फाट्यापासून आत वळलं की रस्ता कच्चा आणि हरभरा पक्का झालेला. तांड्यावर वीसेक घरं. झमकूबाई सत्तरीच्या, कपाळावर गोंदण, आवाज दोन शेतं ओलांडून जाणारा. त्यांची गव्हाची पट्टी ओढ्याच्या काठाला. गहू उंच, ओंब्या लालसर. बांधापलीकडे त्यांचे दीर थावरूभाऊ यांचा बाजारच्या बियाण्याचा गहू, कमरेइतका.

या लाल गव्हाला नाव नाही. सगळे "घरचा गहू" म्हणतात. झमकूबाईंच्या सासूने तो जपला, मग यांनी. बाकी तांड्याने कधीच सोडून दिला, पण लग्नाची लापशी याच गव्हाची लागते. म्हणून दरवर्षी बी याच पट्टीतून निघतं. वैशाखात त्यांच्या नातीचं लग्न आहे. म्हणजे लापशी, पुढचं बी आणि सासूची आठवण, सगळं त्या एका पट्टीत उभं होतं.

"याच्यावर तांबेरा कधीच पडला नाही?" मृणालने विचारलं.

"माज्या नजरंत तरी न्हाई."

इथे मृणालची अडचण होती. तांबेरा पडत नाही याचे दोन अर्थ होतात. एक, गहू त्याला हरवतो. दोन, तांबेरा अजून तिथे नीट पोचलाच नाही. हे ठरवायचं तर गव्हावर तांबेरा सोडून बघावं लागतं. मृणालने हे जमेल तितकं गोड करून सांगितलं.

"म्हंजी तुमी रोग सोडायला आल्या?"

"थोडासाच, याडी. एका कोपऱ्यात." याडी म्हणजे गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, आई.

"पुन्याहून इतक्या लांब, गाडी करून, माज्या गव्हावर रोग सोडायला आल्या? काहून? मी तुमचं काय घोडं मारलं?"

थावरूभाऊ बांधावर बसून मनापासून हसले. मी पुढे झाले आणि शब्द दिला: आम्ही रोग आणणार नाही. दोन निरोगी पानं घेऊ आणि जाऊ. झमकूबाई निवळल्या. चहा आला. पुण्यात आम्ही पाहुण्याला साखर किती ते विचारतो. तिथे साखर विचारण्याइतकी कमी नसते.

चहावर त्यांनी मृणालला विचारलं, की पानात एवढं बघायचं काय असतं. मृणालला हे कुणी विचारलं की तिचा चेहरा उजळतो.

"पानात एक जनुक असतं, याडी. जनुक म्हणजे पिकाला आईबापाकडून आलेली शिकवण समजा. ते जनुक बुरशी आली की ओळखतं. मग ते बाकीच्यांना उठवतं. ते सगळे मिळून बुरशीला कोंडून मारतात. पण आणखी एक असतं, जे सगळ्यांना गप्प बसवतं."

"त्ये कशाला पायजे?"

"तेच मी पुण्यात बघितलं. गप्प बसवणाऱ्याला मी बंद करून टाकलं. तांबेरा पडला नाही, पण गहू एवढाच राहिला." तिने गुडघ्याला हात लावला. "दाणे पण बारीक. सगळी ताकद पहाऱ्यात गेली."

झमकूबाईंनी दाराशी झोपलेल्या कुत्र्याकडे बोट केलं. "ह्यो आदी रातभर भुकायचा. पान हललं तरी भुकायचा. मंग दिवसा झोपायचा आन मांजर दूध पिऊन जायचं. त्येला गप्प ऱ्हायला शिकिवलं तवा कुटं कामाचा झाला."

मृणाल वहीत लिहायला लागली. "बरोबर हेच. तुमच्या गव्हाचं कुत्रं वेळेवर भुंकत असेल, तर ते कसं, एवढंच मला शोधायचंय."

निघताना त्यांनी आमच्या ओटीत शेंगा घातल्या. रिकाम्या हाताने निघणं बरं दिसेना. पिशवीत ती शाल होती. पुण्यात सत्काराची शाल फिरती असते हे सगळ्यांना माहीत आहे, आमच्या कपाटात अशा चौदा आहेत. मी ती झमकूबाईंच्या खांद्यावर घातली. त्यांना आवडली. मग त्यांनी टोक पाहिलं.

"हळद लागली जनू," असं म्हणून त्या बांधाच्या कोपऱ्यावर गेल्या आणि त्यांनी शाल दोनदा जोरात झटकली. एकदा आपल्या गव्हावर, एकदा दिराच्या.

गुरुवार, १२ फेब्रुवारी. हिंगोली

लॉजवर सकाळी सहाला मी रुमाल धुवायला घेतला. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो, हे आपल्याकडे पाचवीतल्या मुलीलाही ठाऊक असतं. मी साबण लावला. डाग लाल झाला नाही. पुन्हा लावला. नारिंगी तो नारिंगीच.

मी बादलीशेजारी पाटावर बसले. एकवीस वर्षं.

मृणालला उठवलं. तिने भिंग काढलं, रुमाल पाहिला आणि एकच शब्द उच्चारला. तो तिच्या आईला कळू नये म्हणून इथे देत नाही. मग म्हणाली, "ओढ्याकाठी दव पडलं असेल. पान ओलं म्हणजे भुकटीतले बीजाणू रात्रीच रुजले." घड्याळ बघून, "मॅडम, आत्ता चौदा तास झालेत."

"मग?"

"सोळाव्या तासाचं पान, म्हणजे बुरशी आत शिरतानाचं, मिळालं तर..." ती माझ्याकडे बघत नव्हती. "आधी पान घेऊ. मग सांगू. त्या पान घेऊच देणार नाहीत नाहीतर."

"आधी सांगायचं," मी म्हणाले.

"मॅडम, तीन वर्षं!"

"मृणाल, शब्द मी दिला होता."

कदीरभाईंनी वाटेत सगळं ऐकून घेतलं. त्यांचं मत असं पडलं, की सांगावं, पण गाडी तोंड फिरवून उभी करावी.

झमकूबाई अंगणात भाकरी थापत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. शाल, गुरुजींचं शेत, वसमत, हळद, साबण. त्यांचा हात थांबला. भाकरीची कड तव्यावर करपली तरी त्यांनी ती उलटली नाही.

"काल काय म्हनला व्हतात?"

"रोग आणणार नाही म्हणाले होते."

"आन आनला."

"आणला."

"सत्कार करून आनला," थावरूभाऊ मागून म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की शाल दोन्हीकडे झटकली होती, आणि त्यांचं हसू गेलं.

"कोपऱ्यातला गहू आम्ही आत्ता उपटून जाळतो," मी म्हणाले.

"उभं पीक? ओंबीत दूध भरलंय. आन जाळून गेला न्हाई तर?" बाईंनी करपलेली भाकरी कुत्र्यापुढे टाकली. "नातीच्या लग्नाला मी बाजारचा गहू आनू व्हय? सासू सपनात येऊन झोडपंल मला."

मग त्यांनीच निकाल दिला.

"ह्या पोरीला काय पान तोडायचं ते तोडू द्या. रोग आलाच हाय तर तिचं तरी भलं व्हऊ द्या. पन म्याडम, तुमी हितं ऱ्हायचं. पेशंट दवाखान्यात टाकायचा आन घरला निगून जायचं, असं न्हाई चालत. पान काय म्हनतंय ते माज्या संगं तुमी बी बगायचं."

"किती दिवस लागतात कळायला?" थावरूभाऊंनी विचारलं.

"आठ-दहा," मृणाल म्हणाली. ती केव्हाच कात्री घेऊन गव्हात पोचली होती.

राखण

मृणाल शनिवारपर्यंत राहिली. ठरावीक तासांनी कोपऱ्यातलं एक पान, लांबच्या टोकाचं एक, थावरूभाऊंच्या गव्हातलं एक. पान भांड्यात बुडवलं की पापडासारखं कडक होई. तांड्यातल्या बायका ते बघायला येत. एकीने विचारलं, यात कुल्फी होईल का. मृणालने जे उत्तर दिलं त्यावरून ती कधीतरी करून पाहिली आहे असा मला संशय आहे. मग भांडं घेऊन ती गेली आणि मी उरले.

रिकामं बसणं मला जमत नाही हे झमकूबाईंनी एका दिवसात ओळखलं. पहिल्या दुपारी मी त्यांच्या डाळींच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, डबे मात्र डोळे मिटून ओळखता येत होते. माझ्या चिठ्ठ्यांमुळे डबे हलले आणि संध्याकाळी तुरीऐवजी हरभऱ्याची डाळ शिजली. दुसऱ्या सकाळी माझ्या हातात गोफण आली.

"पाखरं राखा. चिठ्ठ्या नका लावू."

ओंबीत दूध भरलं की पोपट आणि चिमण्या तुटून पडतात. दुपारपर्यंत माळ्यावर, म्हणजे शेतातल्या मचाणावर, उभं राहून ओरडायचं आणि गोफण फिरवायची. माझा पहिला खडा मागे गेला, दुसरा ओढ्यात, तिसरा थावरूभाऊंच्या पाण्याच्या घागरीला लागला.

"रोग दिला, आता घागर बी फोडा," ते म्हणाले. "आजून काय ऱ्हायलंय यादीत?"

संस्थेत रजेचा अर्ज पाठवायचा होता. कारणाच्या रकान्यात मी "क्षेत्रीय काम" लिहिलं, खोटं वाटलं, म्हणून खोडून "पाखरे राखणे" लिहिलं. त्यावर संस्थेतल्या साहेबांचा फोन आला. मी उचलला तेव्हा नेमके पोपट आले आणि मी ओरडले. रजा मंजूर झाली.

रोज सकाळी मी आणि बाई कोपऱ्यात जाऊन पानं उलटून बघत होतो. पाचव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमचं ते कुत्रं, गव्हातलं. भुकलं आसंल का?"

"माहीत नाही, बाई."

"भुकायला पायजे. सासूनं पाळलंय त्ये."

शनिवार, २१ फेब्रुवारी

मृणाल सकाळीच आली, बरोबर कदीरभाई. पण तिच्याआधी झमकूबाईंची हाक आली होती, दोन शेतं ओलांडून. मी पळत गेले. इतकी मी शेवटची केव्हा पळाले ते आठवत नाही.

त्यांच्या हातात लाल गव्हाचं पान होतं. त्यावर ठिपके. बारीक, फिकट, टाचणीच्या डोक्याएवढे, मधोमध करपलेले.

"आला," त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान होता की त्यांचा वाटेना. पान माझ्या हातात देऊन त्या बांधावर खाली बसल्या.

मृणालने भिंग लावलं. पानावरून बोट फिरवलं आणि बोट पाहिलं. बोट कोरडं. दुसरं पान, तिसरं पान, भुकटी कुठेच नाही. मग तिने बांध ओलांडला आणि थावरूभाऊंच्या कोपऱ्यातल्या पानावर तेच बोट फिरवलं. बोट नारिंगी झालं.

"याडी, बघा! त्यांच्याकडे बुरशी पिकलीय. तुमच्याकडे नाही पिकली. हे ठिपके रोगाचे नाहीत. बुरशी जिथे शिरली, तिथला आपलाच कणभर भाग पानाने स्वतः मारून टाकलाय. तिला खायलाच काही ठेवलं नाही. ती आतच मेली."

"आपलंच घर जाळून चोर मारला?"

"घर नाही. एक कोनाडा."

झमकूबाईंनी पान परत घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. "आन बाकीचं पान हिरवं."

"हिरवं. आणि कोपऱ्याबाहेर एकही ठिपका नाही, कारण तिकडे शाल झटकलीच नव्हती. पुण्यात मी पहिल्या तीन दिवसांची पानं तपासली. ते गप्प बसवणारं जनुक आहे ना, ते तुमच्या गव्हात पहिल्या दिवशी स्वतःच बाजूला झालं. तिसऱ्या दिवशी परत कामावर. म्हणून गहू खुजा राहत नाही."

"भुकला, आन मंग गप बसला," बाई म्हणाल्या. मग एकदम उठल्या आणि तांड्याकडे तोंड करून गोरमाटीत काहीतरी ओरडल्या. मला त्यातलं फक्त सासूचं नाव कळलं. घरोघरच्या बायका बाहेर आल्या.

थावरूभाऊ मात्र आपल्या कोपऱ्यात उभे होते. "सगळ्यांची दिवाळी झाली. माज्या गव्हाचं काय?" त्यांचं बरोबर होतं. दोन हात रुंदीचा भाग मी, मृणाल आणि कदीरभाईंनी मिळून उपटला आणि खड्ड्यात पुरला. बाकीचा वाचेल असं मृणाल म्हणाली, दाणा भरत आला होता. तरी ते नीट बोलेनात. शेवटी झमकूबाईंनी पुढच्या वर्षी त्यांना घरच्या गव्हाचं बी द्यायचं कबूल केलं. ते म्हणाले, "वयनी, धा वर्सं झाली मागून ऱ्हायलो. आधी शाल आनाया पायजे व्हती."

मृणालला बी हवंच होतं. एकदा दिसलेलं ती पुरेसं मानत नाही. पुण्यात पेरून, पुन्हा तांबेरा सोडून, पुन्हा तासांचा हिशेब लावल्याशिवाय तिचा प्रबंध पुढे सरकणार नाही. तिने विचारलं. झमकूबाईंनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"ह्या गव्हाचं बी मागून मिळत न्हाई. जो कापाया येतो त्येला वळचणीला बसवून जेवू घालते आन पदरात बी देते. सासूची रीत हाय. पोरगी लिवती, तिला ऱ्हाऊ द्या. तुमी या कापायला."

"मला कापता येत नाही, बाई."

"गोफन तरी कुटं येती?"

त्यांनी आतून एक विळा आणून दिला. पातं काळं पडलेलं, मूठ सासूच्या हाताने गुळगुळीत झालेली. "ह्येला धार लावून आना. बोथट विळ्यानं माजा गहू पिळला तर बी न्हाई मिळायचं."

पुणे

हे लिहीत असताना मार्चचा पहिला आठवडा संपत आला आहे. कापणी वीस तारखेच्या आसपास. तिकिटं काढली. रजेचा अर्ज दिला, कारणाच्या रकान्यात "गहू कापणे" लिहिलं, कुणी काही विचारलं नाही. कापडी पिशव्या शिवून घेतल्या. वाठोरे गुरुजींना फोन केला. त्यांचा फोटो बघून एक अधिकारी येऊन गेले म्हणे. परत सत्काराला बोलावत होते, मी नमस्कार करून फोन ठेवला.

विळा माझ्या टेबलावर आहे. गल्लीत सायकलवर धार लावणारा येतो, त्याने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि सुऱ्या-कात्र्यांपलीकडे आपण जात नाही असं सांगितलं. मंडईजवळचा लोहार दुकान बंद करून गावी गेला आहे. काल मृणालने इंटरनेटवर बघून दगडावर घासायचा प्रयत्न केला. तिच्या अंगठ्याला पट्टी आहे आणि पातं होतं तसंच आहे. यादीतल्या बाकी सगळ्यावर खूण झाली. विळ्याला धार लावणे, राहिलं आहे.